रीबूटनंतर उपकरणांची नावे अदलाबदल का होतात? नाव ठरवणे हे कर्नलचे काम की आपले?

कुळागरी | २८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लिनक्सच्या कर्नलचा (म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या त्याच्या गाभ्याचा) आहे, परंतु सुरुवात विहिरीपासून करावी लागणार आहे.

सावई-वेरे भागात आमचे लहानसे कुळागर आहे. विहिरीतले पाणी पंपाने चढावरच्या टाकीत जाते आणि तिथून ते पोफळींच्या आळ्यांत सोडले जाते. गेल्या वर्षी मी पंपाच्या खोलीत एक रास्पबेरी पाय (लहानसा संगणक) बसवला, विहिरीत एक व टाकीत एक असे पातळी मोजणारे दोन सेन्सर सोडले आणि त्यांच्या तारा आरएस-४८५ च्या (लांब तारेवरून माहिती पाठवण्याच्या पद्धतीच्या) दोन स्वस्त यूएसबी कन्व्हर्टरमधून त्याला जोडल्या. लिनक्सने त्या कन्व्हर्टरांना दिलेल्या नावांवरून प्रोग्राममध्ये मी लिहून ठेवले होते की ‘टीटीवाययूएसबी०’ म्हणजे विहीर आणि ‘टीटीवाययूएसबी१’ म्हणजे टाकी. टाकी भरली की पंप बंद, विहीर आटत आली तरी पंप बंद, एवढाच त्याचा कारभार. आठ महिने त्याने कुरकुर केली नाही.

परवा संध्याकाळी गडगडाट झाला, वीज गेली आणि तासाभराने आली. सकाळी सहाला मी गेलो तेव्हा टाकी ओसंडून खालच्या वाटेवर चिखल झाला होता, विहिरीचा तळ दिसत होता आणि पंप कोरडाच फिरत होता. हात लावला तर चटका बसला. लॉग वाचल्यावर उलगडा झाला. वीज परत आल्यावर शून्य आणि एक यांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे प्रोग्राम टाकीच्या पातळीला विहिरीची समजत होता आणि विहिरीच्या पातळीला टाकीची. पाणी जितके उपसावे तितकी त्याला ‘टाकी’ रिकामी आणि ‘विहीर’ तुडुंब वाटत गेली, आणि तो अधिकच निष्ठेने पंप चालवत राहिला.

माझे प्रश्न दोन आहेत. हे शून्य आणि एक नेमके कोण आणि कशाच्या आधारावर ठरवतो? आणि एकदा दिलेले नाव कर्नलने स्वतःच कायम लक्षात का ठेवू नये? माझ्या मते हे काम कर्नलचेच आहे आणि त्याने ते अंगाबाहेर टाकले आहे. मतभेद असल्यास अवश्य सांगावे.

मांडवीकाठ | २८ मे, रात्री १०:०५

पंप वाचला का, ते आधी सांगा.

कुळागरी | २८ मे, रात्री १०:११

वाचला. सील तेवढे बदलावे लागले.

अनघा_पर्वरी | २८ मे, रात्री १०:५०

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. यूएसबी-सिरियलची व्यवस्था समोर येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला त्या क्षणी मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक देते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जी बाई आधी येईल ती पुढची जागा धरते, त्यातलाच हा प्रकार आहे. वीज आल्यावर दोन कन्व्हर्टरपैकी कोणता आधी जागा झाला, एवढ्यावरच तुमची विहीर आणि टाकी ठरली. आठ महिने क्रम तोच राहिला हा योगायोग होता. तसे वचन तुम्हांला कोणी दिलेले नव्हते.

यासाठी रीबूटच व्हावा लागतो असेही नाही. प्रोग्रामने फाइल उघडी धरलेली असताना यूएसबीची पिन क्षणभर निखळून परत बसली, तर जुना क्रमांक अजून अडकलेला असतो आणि तेच उपकरण पुढच्या क्रमांकाने उगवते. एकच कन्व्हर्टर लावलेला असूनही ‘शून्य’ नाहीसा होऊन ‘एक’ दिसू लागतो तो यामुळे.

मुळात कर्नलला नावाशी फारसे देणेघेणे नसते. त्याच्या लेखी उपकरण म्हणजे मेजर आणि मायनर असे दोन आकडे. पहिली डिस्क एसडीए म्हणजे ८ आणि ०, तिचे पहिले पार्टिशन ८ आणि १, दुसरी डिस्क एसडीबी म्हणजे ८ आणि १६. प्रत्येक डिस्कमागे सोळा आकडे राखून ठेवल्यामुळेच पूर्वी एका एसडी डिस्कवर पंधराहून अधिक पार्टिशने होत नसत. उपकरणांच्या फाइली जिथे असतात त्या ‘डेव्ह’ डिरेक्टरीतली फाइल ही त्या दोन आकड्यांवर लावलेली पाटी आहे. तुम्ही एमकेनॉड आज्ञेने ८ आणि ० याच आकड्यांची ‘फणस’ नावाची फाइल केली, तरी तीतून तीच डिस्क उघडेल.

मांडवीकाठ | २८ मे, रात्री १०:५८

आमच्याकडे फणस उघडायला हाताला तेल लावावे लागते, इथे रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असावे लागते एवढाच फरक.

जुना_जाणता | २९ मे, सकाळी ७:२०

कुळागरी यांचे म्हणणे मी एकदम मोडीत काढणार नाही, कारण कर्नल एके काळी नावे धरून ठेवत असे. आयडीई या जुन्या जोडणीच्या डिस्कचे दिवस आठवा. एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरचा मास्टर, एचडीबी त्याच केबलवरचा स्लेव्ह, एचडीसी दुसऱ्या केबलवरचा मास्टर आणि एचडीडी तिथला स्लेव्ह. मधली जागा रिकामी राहिली तरी एचडीसी हा एचडीसीच राहत असे. जंपरची ती इवलीशी टोपी चिमट्याने काढून बसवली, की नाव पक्के झाले.

एससीएसआय या दुसऱ्या जोडणीच्या डिस्क मात्र पहिल्यापासून सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशा नावांच्या. पुढे साटा या नव्या जोडणीबरोबर लिबएटीए हा कर्नलचा भाग आला आणि जुन्या आयडीई डिस्कही त्याच रांगेत उभ्या राहिल्या. २००७ मध्ये फेडोरा ७ हे लिनक्स आले तेव्हा पणजीतील एका कार्यालयाचा सर्व्हर मी शनिवारी दुपारी अद्ययावत केला आणि सोमवारी सकाळपर्यंत तिथेच बसलो, कारण बॅकअपच्या माझ्या सगळ्या स्क्रिप्टांमध्ये एचडीए लिहिलेले होते आणि ते नावच जगातून गेले होते. त्या दिवसापासून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कचे कर्नलने दिलेले नाव मी लिहिलेले नाही. लेबल किंवा यूयूआयडी (डिस्कवरच लिहिलेला लांबलचक ओळख-क्रमांक) लिहितो.

‘डेव्ह’ डिरेक्टरीची कथाही ऐकून ठेवा. आधी ती साधी, हाताने भरलेली डिरेक्टरी होती. संगणकात असोत वा नसोत, शक्य तेवढ्या सर्व उपकरणांच्या हजारो फाइली तीत आधीच करून ठेवलेल्या असत आणि खरोखर काय जोडलेले आहे ते त्यावरून कळत नसे. त्यावर उपाय म्हणून रिचर्ड गूच यांचे डेव्हएफएस २.४ च्या कर्नलमध्ये आले. आता फाइली कर्नलच निर्माण करू लागला, जे जोडलेले आहे तेवढ्याच. पण नावे काय असावीत हेही कर्नलमध्येच ठरले, आणि ती होस्ट, बस, टार्गेट, लुन, डिस्क अशी पाच मजली होती. एखाद्याला दुसरे नाव हवे असेल तर त्याने काय करावे? वाद तिथेच पेटला. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह हा नावे देणारा, कर्नलबाहेरचा प्रोग्राम आणला आणि २००६ मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

कुळागरी | २९ मे, सकाळी ८:०२

जाणतेकाका, मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत. एचडीसी जर रिकाम्या जागेसह टिकत होता, तर यूएसबीला ते का जमू नये?

केपेंकार | २९ मे, दुपारी १:१५

कारण आयडीईला जागा चारच होत्या आणि यूएसबीला जागांचा अंत नाही. एका बसवर १२७ पर्यंत उपकरणे, हबला हब, त्याला आणखी हब. पण अडचण संख्येपुरती नाही. ‘तेच उपकरण’ म्हणजे काय, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही.

आमच्या वाड्यावर नाईकांची पाच घरे आहेत. टेंबावरचे नाईक, पिंपळाकडचे नाईक, तळ्याकडचे नाईक अशी त्यांना जागेवरून नावे पडलेली आहेत. टेंबावरच्यांनी दहा वर्षांपूर्वी रस्त्याला लागून नवे घर बांधले, तरी गाव त्यांना टेंबावरचेच म्हणतो, म्हणजे नाव माणसांबरोबर गेले. उलट पोस्टमन मात्र घर क्रमांक पाहतो. घरात आज कोण राहते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत.

आता तुमच्याकडे या. विहिरीचा कन्व्हर्टर जळाला आणि त्याच यूएसबी पोर्टमध्ये तुम्ही नवा लावला, तर त्याने ‘विहीर’ हेच नाव घ्यावे अशी तुमची इच्छा असेल. तिथे नाव जागेचे हवे. पण तुम्ही बॅकअपची डिस्क आज या पोर्टला आणि उद्या त्या पोर्टला लावली, तर तिने आपले नाव बरोबर घेऊन फिरावे अशी अपेक्षा असेल. तिथे नाव वस्तूचे हवे. कर्नलने यांपैकी काय लक्षात ठेवावे? शिवाय लक्षात ठेवायचे म्हणजे कुठेतरी लिहावे लागते, आणि कर्नल सुरू होतो तेव्हा ज्या डिस्कवर लिहायचे तीच अजून सापडलेली नसते.

अनघा_पर्वरी | २९ मे, दुपारी १:४०

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. यूडेव्हच्या मागचा विचार हाच होता की कर्नलने फक्त ‘काहीतरी आले आहे, त्याची ही माहिती’ एवढे कळवावे, ती माहिती सिसएफएसमध्ये मांडून ठेवावी, आणि नाव काय द्यायचे हा निर्णय कर्नलबाहेरच्या प्रोग्रामने घ्यावा. त्या प्रोग्रामला फाइली वाचता येतात, मालकाचे नियम पाळता येतात, आणि त्याची चूक झाली तर सगळी यंत्रणा कोसळत नाही.

वेर्ण्याचा_फिटर | २९ मे, संध्याकाळी ७:३०

तत्त्वचर्चा झाली असेल तर कामाचे बोलतो. ‘डेव्ह’मध्ये ‘सिरियल’ नावाची डिरेक्टरी आहे, तीत ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ अशा दोन डिरेक्टऱ्या यूडेव्हने तुमच्यासाठी आधीच करून ठेवलेल्या आहेत. त्यांत खऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे असतात: पहिलीत वस्तूवरून नाव असते, दुसरीत जागेवरून. प्रोग्राममध्ये टीटीवाययूएसबी० ऐवजी त्यांपैकी एक मार्ग लिहा. दहा मिनिटांचे काम आहे.

कुळागरी | २९ मे, रात्री ८:४५

फिटरबाब, लगेच जाऊन पाहिले. ‘बाय-पाथ’मध्ये दोन दुवे आहेत, पण ‘बाय-आयडी’मध्ये एकच दिसतो. एक कन्व्हर्टर बिघडला म्हणावे, तर दोन्ही चालू आहेत.

वेर्ण्याचा_फिटर | २९ मे, रात्री ९:१०

म्हणजे त्यांत सीएच३४० चिप आहे. बहुतेक सीएच३४० मध्ये अनुक्रमांकच नसतो, त्यामुळे दोघांचे ‘बाय-आयडी’ नाव अक्षरशः एकच तयार होते आणि एकाचा दुवा दुसऱ्याच्या दुव्यावर बसतो. सीपी२१०२ च्या कितीतरी बोर्डांवर अनुक्रमांक असतो, पण कारखान्यातून आलेला ‘०००१’ तसाच राहिलेला असतो, म्हणजे पुन्हा तीच गत. मात्र तो पुसून नवा लिहिता येतो. एफटीडीआयच्या अस्सल चिपवर बहुधा वेगवेगळा क्रमांक मिळतो. स्वस्त माल घेतला की जुळी भावंडे घरी येतात, आणि त्यांच्या अंगावर तीळसुद्धा नसतो.

तुमच्यासाठी ‘बाय-पाथ’ हाच मार्ग आहे. त्या नावाच्या शेवटाकडे १.२ किंवा १.३ असे काहीतरी असेल. १.२ म्हणजे पहिल्या पोर्टवरच्या हबचे दुसरे पोर्ट. आता नेलपॉलिश घ्या, त्या पोर्टवर आणि त्या केबलवर एकाच रंगाचा ठिपका द्या, दुसऱ्या जोडीला दुसरा रंग. कारखान्यात आम्ही हेच करतो.

शून्यापासून | २९ मे, रात्री ९:३५

मी फोंड्याच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. एक शंका आहे. यूडेव्हला नाव देण्याचा अधिकार आहे, तर ते दुवे का करत बसते? टीटीवाययूएसबी० हे नावच बदलून ‘विहीर’ का करत नाही? नेटवर्क कार्डांची नावे तर ते सरळ बदलते.

अनघा_पर्वरी | २९ मे, रात्री १०:२०

शंका उत्तम आहे. नेटवर्क कार्डाला ‘डेव्ह’मध्ये फाइल नसतेच. त्याचे नाव कर्नलच्या आतल्या नोंदीत राहते, आतली खरी ओळख इंटरफेसच्या क्रमांकाने होते, आणि ही पद्धत ठरली त्या काळी एकाच नोंदीला दुसरे नाव जोडून ठेवण्याची सोय नव्हती. त्यामुळे तिथे मूळ नावच बदलावे लागते. डिस्क आणि सिरियल पोर्ट यांना फाइल असते आणि एका फाइलीकडे कितीही दुवे नेता येतात. म्हणून यूडेव्ह तिथे कर्नलचे नाव तसेच ठेवते आणि बाजूला हवी तेवढी उपनावे लावते. पूर्वी मूळ नाव बदलण्याची मुभा होती. ती काढून घेतली गेली हे बरे झाले, कारण कर्नलच्या संदेशांत एसडीबी आणि ‘डेव्ह’मध्ये भलतेच नाव, अशा स्थितीत बिघाड शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे होते.

म्हापशेकर | ३० मे, सकाळी ९:००

नेटवर्क कार्डांचा विषय निघालाच आहे तर माझी व्यथा मांडतो. ईटीएच० हे किती सुटसुटीत नाव होते! आता ईएनपी३एस० सारखे काहीतरी लक्षात ठेवावे लागते आणि वर त्याला ‘अंदाज करता येण्याजोगी नावे’ म्हणतात. पन्नास संगणकांच्या लॅबमध्ये एकच कार्ड असलेल्या संगणकाला हा जाच कशासाठी?

जुना_जाणता | ३० मे, सकाळी ९:४०

एकच कार्ड असेल तर ईटीएच० मध्ये काहीही वाईट नव्हते, हे मान्य. दोन कार्डे असली की कळते. एक इंटरनेटकडे आणि एक आतल्या जाळ्याकडे असे असताना त्यांची अदलाबदल झाली, तर फायरवॉल उंबऱ्याच्या उलट बाजूला उभी राहते. कुळागरी यांच्या पंपासारखीच गत.

२०१३ पूर्वी यूडेव्हने वेगळा उपाय केला होता. कार्ड प्रथम दिसले की त्याचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) एका नियमांच्या फाइलीत आपोआप लिहिला जाई आणि त्यापुढे ते कार्ड ईटीएच० राही. आभासी यंत्रांनी त्याची वाट लावली. यंत्राची प्रत काढली, मॅक नवा आला, जुन्या नोंदीत ईटीएच० अडकलेले, मग नवे कार्ड ईटीएच१ झाले आणि प्रत नेटवर्कविना उभी राहिली. ती फाइल पुसण्यात माझी कितीतरी शुक्रवार संध्याकाळ गेली आहे. शिवाय कर्नल एकीकडून ईटीएच० वाटत असताना यूडेव्ह दुसरीकडून तेच नाव दुसऱ्याला देऊ पाहत असे आणि मधल्या मध्ये ‘रीनेम२’ असा अर्धवट नावाचा इंटरफेस शिल्लक राही. सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारी व्यवस्था) १९७ पासून आलेल्या नव्या पद्धतीत ‘ईटीएच’ हे क्षेत्रच कर्नलसाठी सोडून दिले आणि जागेवरून नाव देणे पत्करले. ईएनपी३एस० म्हणजे इथरनेट, पीसीआयची तिसरी बस, शून्यावा स्लॉट. फर्मवेअरने बोर्डावरच्या कार्डाला क्रमांक दिला असेल तर ईएनओ१.

म्हापशेकर | ३० मे, सकाळी १०:०५

आणि मी दुसऱ्या स्लॉटमध्ये नवे कार्ड घातले, की बसचे क्रमांक सरकून ईएनपी३एस० चे ईएनपी४एस० होते. याला अंदाज म्हणायचे की भविष्य?

केपेंकार | ३० मे, सकाळी १०:३०

म्हापशेकर, हा मुद्दा तुमचा खरा आहे. जागेवरून नाव दिले की जागेची मोजणी बदलल्यावर नावही बदलणार. वीजजोडणी तीच असूनही पंचायतीने घर क्रमांक नव्याने घातले की आमच्याकडेही बिले भलत्याच दारात जातात. नाव खरोखर कायम हवे असेल तर सिस्टमडीच्या ‘लिंक’ फाइलीत मॅक पत्ता लिहून स्वतःचे नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘बाहेर०’ आणि ‘आत०’. पंधरा अक्षरांची मर्यादा आहे आणि ‘ईटीएच’ने सुरू होणारे नाव टाळावे, एवढे पथ्य पुरे. लॅबमध्ये एकेकच कार्ड असेल, तर कर्नलला सुरू होतानाच ‘नेट.इफनेम्स=०’ हा पर्याय द्यावा आणि खुशाल ईटीएच० वापरावे.

तिस्कावरून | ३० मे, दुपारी ३:१०

यूयूआयडी म्हणजे रामबाण उपाय असे वर कोणी समजून चालले असेल, तर माझा अनुभव ऐका. फोटो स्टुडिओच्या संगणकाची डिस्क मी डीडी आज्ञेने जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली आणि जुनी काढायला विसरलो. दोन्ही डिस्कवर यूयूआयडी एकच. संगणक सुरू झाला, सगळे ठीक दिसले, ग्राहकांचे लग्नाचे फोटो आठवडाभर साठवले. नंतर कळले की तो कधी जुन्या डिस्कवरून चालू होत होता आणि कधी नव्या. एका लग्नाचा होम एका डिस्कवर आणि सप्तपदी दुसऱ्या डिस्कवर निघाली. डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींपैकी मी ईएक्सटी४ वापरत होतो. एक्सएफएस असते तर तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा दिसताच त्याने ती डिस्क माउंट करण्यास (जोडून घेण्यास) साफ नकार दिला असता आणि मी वाचलो असतो.

जुना_जाणता | ३० मे, दुपारी ३:३०

प्रत काढली की लगेच ट्यून२एफएसने तिला नवा यूयूआयडी द्यावा, किंवा जुनी डिस्क त्याच मिनिटाला काढून कपाटात ठेवावी. आणि एफएसटॅबमधल्या बाहेरून लावायच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहायला विसरू नये, नाहीतर ती डिस्क नसताना सिस्टमडी दीड मिनिट वाट पाहून सरळ आणीबाणीच्या अवस्थेत जाते.

मांडवीकाठ | ३० मे, दुपारी ३:४५

विंडोजवाले इथे कोणी नाहीत वाटते. आमच्या दुकानातल्या संगणकावर बारकोड यंत्राचे नाव कॉम३७ झाले आहे.

अनघा_पर्वरी | ३० मे, दुपारी ४:२०

तुमचे उदाहरण या धाग्याला धरूनच आहे. विंडोज कुळागरी यांच्या मनासारखे वागते: एकदा दिलेला क्रमांक ते रजिस्ट्रीत लिहून ठेवते. पण अनुक्रमांक नसलेले उपकरण दुसऱ्या पोर्टला लावले की विंडोजच्या लेखी ते नवेच उपकरण ठरते, आणि जुना क्रमांक राखीव राहून पुढचा दिला जातो. असे करत करत तुमचे यंत्र ३७ वर पोहोचले. नऊच्या पुढचा क्रमांक साध्या नावाने उघडत नाही, त्यामुळे जुने प्रोग्राम तिथे अडखळतात. कधीही न विसरणे हाही दोषच ठरतो, तो असा.

कुळागरी | ३० मे, रात्री ९:१५

‘बाय-पाथ’चे लांबलचक नाव मला आवडले नाही, म्हणून स्वतःचा नियम लिहावा म्हटले. ‘कर्नल्स’ या अटीत १-१.२:१.० दिले, ‘आयडीव्हेंडर’ (बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक) १ए८६ दिले आणि दुव्याचे नाव ‘विहीर’ ठेवले. एकेक अट वेगळी लिहिली की नियम लागू होतो, दोन्ही एकत्र लिहिल्या की काहीच होत नाही. दोन तास डोके आपटले. बरोबरीच्या चिन्हांची चूक नाही, अटीत दोन आणि नेमणुकीत एक असेच लिहिले आहे.

अनघा_पर्वरी | ३० मे, रात्री ९:५०

इथे पुष्कळ जण ठेचकाळतात. यूडेव्हएडीएम इन्फो ही आज्ञा ‘-ए’ पर्यायासह चालवलीत तर एकाखाली एक असे आईबापांचे जिने दिसतील: सगळ्यात वर तुमचा सिरियल पोर्ट, त्याखाली यूएसबीचा इंटरफेस, त्याखाली प्रत्यक्ष यूएसबी उपकरण, मग हब. अनेकवचनी ‘एस’ असलेल्या अटी, म्हणजे ‘कर्नल्स’ आणि ‘अॅटर्स’, या सगळ्या मिळून एकाच पायरीवर जुळाव्या लागतात. तुम्ही दिलेले १-१.२:१.० हे इंटरफेसच्या पायरीचे नाव आहे, आणि ‘आयडीव्हेंडर’ तिच्या खालच्या, उपकरणाच्या पायरीवर लिहिलेले आहे. त्या दोघांची गाठ पडणार नाही. शेवटचे ‘:१.०’ काढून नुसते १-१.२ ठेवा, म्हणजे दोन्ही अटी एकाच पायरीवर येतील. मग नियम पुन्हा वाचायला सांगून ‘ट्रिगर’ द्या.

कुळागरी | ३० मे, रात्री १०:०८

जमले! ‘डेव्ह’मध्ये ‘विहीर’ आणि ‘टाकी’ दोन्ही दिसत आहेत.

जुना_जाणता | ३१ मे, सकाळी ७:०५

अभिनंदन. आता थोडा खोडसाळपणा करतो. यूडेव्हवाल्यांनी डेव्हएफएस हाकलले खरे, पण २.६.३२ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आले आणि ‘डेव्ह’मधल्या फाइली पुन्हा कर्नलच करू लागला. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला की नाही?

अनघा_पर्वरी | ३१ मे, सकाळी ८:३०

आला, पण मान देऊन-घेऊन आला. डेव्हटीएमपीएफएस फक्त कर्नलचे स्वतःचे साधे नाव घालून फाइल करते, मालक रूट ठेवते आणि बाजूला होते, म्हणजे यूडेव्ह सुरू होण्याआधीही संगणक उठू शकतो. परवानग्या, गट, उपनावे, नियम हे सगळे अजून यूडेव्हकडेच आहे. डेव्हएफएसबद्दलचा मुख्य आक्षेप फाइल कोण करतो याबद्दल नव्हता, नावाचे धोरण कोणाच्या हाती असावे याबद्दल होता, आणि तिथे काहीही बदललेले नाही.

वेर्ण्याचा_फिटर | ३१ मे, रात्री ८:००

दोन दिवस हा धागा वाचून मला एक गोष्ट खटकते आहे. तुम्ही दोन कन्व्हर्टर घेतलेतच कशाला? आरएस-४८५ ही बस आहे. एकाच जोडतारेवर अनेक सेन्सर बसतात आणि मॉडबसमध्ये (त्या तारेवर बोलण्याच्या भाषेत) प्रत्येकाला १ ते २४७ यांपैकी पत्ता देता येतो. विहिरीच्या सेन्सरला १ द्या, टाकीच्या सेन्सरला २ द्या. पत्ता सेन्सरच्या पोटात राहतो. मग वीज जावो, हब बदलो, नाहीतर रास्पबेरी पायच बदलो, ‘दोन, तुझी पातळी सांग’ म्हटल्यावर टाकीच बोलेल. पत्ते बदलताना मात्र एका वेळी एकच सेन्सर जोडा. कारखान्यातून बहुधा सगळे १ याच पत्त्याने येतात आणि दोघे एकदम बोलू लागले की काहीच कळत नाही. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. पंपाची खोली मधे आहे, म्हणजे विहीर ते खोली ते टाकी अशी सरळ रेघ होते. तीन फाटे फुटू देऊ नका.

आणि विहिरीत एक साधा फ्लोट स्विच टाकून तो पंपाच्या स्टार्टरमध्ये मालिकेत जोडा. कोरडा पंप बंद करण्यासाठी लिनक्सची, पायथनची आणि आम्हां सगळ्यांची गरज पडता कामा नये.

केपेंकार | ३१ मे, रात्री ८:१२

म्हणजे शेवटी नाव वस्तूनेच स्वतःच्या तोंडाने सांगायचे. हे मला सुचायला हवे होते.

कुळागरी | ७ जून, रात्री ९:३०

आठवडाभराने लिहितो आहे. फिटरबाबांच्या सांगण्याप्रमाणे केले. टाकीच्या सेन्सरचा पत्ता २ केला, दोन्ही एकाच तारेवर घेतले, एक कन्व्हर्टर काढून डब्यात ठेवला. आता एकच सीएच३४० उरल्यामुळे ‘बाय-आयडी’चा दुवाही एकमेव आणि भरवशाचा झाला आहे, तो केबलबरोबर कुठल्याही पोर्टला जातो. माझे ‘विहीर’ आणि ‘टाकी’ हे दुवे, ज्यांच्यासाठी दोन तास डोके आपटले होते, ते पुसून टाकावे लागले. प्रोग्राम सुरू होताना आधी १ ला आणि २ ला हाक मारतो, दोघांनीही ‘ओ’ दिल्याशिवाय पंपाला हात लावत नाही. फ्लोट स्विचही बसला.

आज दुपारी मुद्दाम मेन स्विच दहा वेळा पाडून पाहिला. दहापैकी एकदा कन्व्हर्टर उशिरा जागा झाला आणि प्रोग्रामने पंप बंदच ठेवला, ते मला आवडले.

मूळ मताबद्दल सांगायचे तर मी ते निम्मे मागे घेतो. विहीर कोणती आणि टाकी कोणती हे कर्नलला ठाऊक असण्याचे कारण नाही, हे पटले. परंतु नावापुढे शून्य आणि एक असे आकडे लावले की कोणालाही ते कायमचे वाटणारच. क्रम बदलणार हे ठाऊक असताना मोजणीचे आकडे नावात घालणे ही मांडणी मला अजूनही फसवी वाटते.

अनघा_पर्वरी | ७ जून, रात्री ९:५५

त्या निम्म्याबद्दल मी भांडणार नाही.

मांडवीकाठ | ७ जून, रात्री १०:०२

डब्यात ठेवलेला कन्व्हर्टर विकायचा असेल तर मला कळवा. कॉम३८ मोकळा आहे.